लश्करमधला फॉल्ट

आज चौदाव्यांदा.
न सांगता, न कुरकुरता,
बोलता बोलता माणूस उठून जावा तसा
पडदा काळा. मग पंख्याचा सुस्कारा, एक बीप,
आणि परत आल्यावर मलाच सांगतो,
मागच्या वेळी काँप्युटर नीट बंद झाला नव्हता म्हणून.

माहीत आहे रे बाबा. मी इथेच बसलो होतो.

मीच जोडलाय हा. शैला म्हणत होती, तयार आणा.
पण एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
लोकांच्या तारा जुळवल्या,
म्हटलं, एक यंत्र तरी आपल्या हातचं.
नया बाजारातून एकेक पार्ट,
पेन्शनची तारीख बघून:
जानेवारीत मदरबोर्ड, होळीला प्रोसेसर,
कॅबिनेट कुशवाहकडचं जुनं, ओरखड्यासकट फुकट.

माझ्यावाचून कुणाचं अडत नाही.
पाच आकडी नंबरांची यादी करतोय,
सगळं ग्वाल्हेर पाच आकड्यांत मावायचं तेव्हाची.
२१४३६, कर्करे वकील.
२२०१७, छावणीतला बर्फाचा कारखाना.
२३३०९, त्या निवृत्त नर्सबाई, ज्या रात्री दोनला
लाइन चालू आहे ना, एवढंच विचारायच्या.
लिहीत जातो
आणि सेव्ह करायच्या आत
हा जातो.

सप्रे मेस्त्रींनी फॉल्ट शोधायची एकच रीत शिकवली होती:
लाइन मधोमध तोड. कुठला अर्धा मेलाय बघ.
मग त्या अर्ध्याचा अर्धा.
घाई करील तो दिवसभर खांबावर.

तोडत गेलो.
ग्राफिक कार्ड काढलं. गेला.
एक रॅम काढली, दुसरी ठेवली, मग उलट. गेला, गेला.
पॉवर सप्लाय कुशवाहच्या दुकानातून उसना आणला,
बाहेर चव्वेचाळीस डिग्री, म्हणून कूलर त्याच्याकडे वळवला,
शैला पदरानं वारा घेत, हा थंडगार,
तरी गेला.
भिंतीत मीटर घालून बसलो: दोनशे चार, दोनशे अकरा,
एकदा एकशे अठ्ठ्याऐंशी, आणि नेमका तेव्हा
शहाण्यासारखा चालू.

कुशवाह म्हणाला, "दादा, एक बार रात भर मेमोरी चेक करा लो."
लावली. आम्ही गच्चीवर झोपलो.
सकाळी पडद्यावर एकच ओळ: चुका शून्य.
त्याच्या स्मरणात एक ठिपका इकडचा तिकडे नाही.
मी मात्र नवव्यांदा लिहिताना
कर्करे वकिलांना २१४६३ वर बसवलं,
मग खोडलं, मग वाटलं, तेच बरोबर असेल.
रात्रभर हा एकदाही गेला नाही,
हे खरं तर तेव्हाच खटकायला हवं होतं.

खटकलं शैलाला. शेंगा सोलत होती समोर.
"तुम्हाला नाव आठवेनासं झालं ना,
की तुमचा गुडघा हलायला लागतो.
गुडघा हलला की तो जातो."

टेबलाखाली वाकून बघितलं.
कॅबिनेटच्या पुढे, माझ्या गुडघ्याच्या बरोब्बर उंचीला
रीसेटचं बटण, स्प्रिंग गेलेलं,
नुसतं टेकलं तरी लागतं.
इतके दिवस मी त्याला सांगत होतो
आणि तो मुकाट्यानं ऐकत होता.

दोन वायरी. एक पांढरी, एक निळी.
बोर्डावरून उपटल्या, टोकांना टेप गुंडाळला,
झाकण लावताना एक स्क्रू जास्तच उरला, तो राहू दे.

आता सहा दिवस झाले, सलग चालतोय.
गुडघा हलवा, लाथ मारा, काही म्हणत नाही.
यादी चारशे बाराच्या पुढे गेली.
कर्करे वकील अजून दोन ठिकाणी आहेत,
दोन्ही नंबर सेव्ह झालेत,
आणि कुठला खरा
ते विचारायला लावावा असा नंबर
माझ्याकडे नाही.